मावशींच्या सतरा जागा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्षीचा एक नियम आहे. रविवारच्या उपासनेत कुणीही उठावं, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं, आणि तो माणूस आपणहून खाली बसेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. आता माणसं लांबण लावतात, मान्य. त्यावर उपायही ठरलेला आहे. पुढच्या बाकावरचे सातपुते वडील एक बोट वर करतात, मी पेटीवर सूर धरतो, मंडळी गाऊ लागते आणि बोलणारा गपचूप बसतो. वडील म्हणजे मंडळीनं निवडून दिलेले कारभारी. मी नुसता पेटीवाला. एरवी मंगळवार पेठेत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. त्या एका बोटावर मी किती जणांची तोंडं बंद केली असतील, देव जाणे. मला त्याचा अभिमान नाही.

हे सांगायचं कारण सुवार्तामावशी. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त नर्स, बांधा काटकुळा आणि आवाज मात्र साऱ्या गल्लीला पुरेल एवढा. नोकरीत असताना त्या डॉक्टरांनाही हात धुवायला परत पाठवायच्या. आमचे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, कॉलेज शिकलेले आहेत, पण प्रवचनात बायबलमधल्या मूळ ग्रीक शब्दाचा उल्लेख करायचा झाला की आधी मावशी कुठं बसल्यात ते बघून घेतात.

मावशींना ग्रीक येतं असं नाही. त्यांना ग्रीकमधलं एक क्रियापद येतं. पण ते असं येतं की पुसता सोय नाही.

त्याची सुरुवात तीस वर्षांमागची. मावशींची थोरली बहीण बयाबाई मुरगूडला दिली होती. नवरा मारायचा. एकदा वर्षाची पोर कडेवर घेऊन ती निघून आली आणि रविवारी साक्षीला उभी राहिली. "मला एवढंच सांगायचंय," एवढं म्हणाली, तोच तेव्हाच्या वडिलांचं बोट वर गेलं. पेटीवर माझे बाबा होते. त्यांनी सूर धरला. मग चार शहाण्यांनी बयाबाईला समजावलं, प्रीती सगळं सोसते असं शास्त्रातच आहे, तर तूही सोस. तिला परत धाडलं. आठ महिन्यांनी ती मावशींच्याच वॉर्डात आली ती घरी गेलीच नाही. ती पोर, स्वप्नाली, मावशींनी वाढवली. स्वतः लग्न केलं नाही.

त्याच वर्षी एक म्हातारे पाळक मांडीचं हाड मोडून तीन महिने त्या वॉर्डात पडून होते. मावशींनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, "ते सोसते म्हंजे मुळात काय हाय ते सांगा. मग गोळी देतो."

पाळकांनी सांगितलं. शब्द हुपोमेनो. हुपो म्हणजे खाली, मेनो म्हणजे राहणं. ओझ्याखाली न डगमगता राहणं. लढाईत बाकीचे पळाले तरी जो शिपाई जागा सोडत नाही, त्यालाही ग्रीक लोक हाच शब्द लावायचे. मावशी ते ऐकून बाथरूममध्ये जाऊन रडल्या, हे त्यांनीच मला सांगितलंय. मग त्या अक्षरं शिकल्या. तापाच्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजू शिवून त्यांनी वही केली आणि अख्ख्या नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ग्रीक भागात, तो शब्द जिथं जिथं येतो त्या जागा हुडकून लिहिल्या. सतरा भरल्या.

दोन वर्षांपूर्वी स्वप्नालीचं लग्न सातपुते वडिलांच्या भाच्याशी झालं. या श्रावणात ती मनगटाला प्लॅस्टर घेऊन आली. सातपुते वडिलांनी महिनाभर मावशींच्या घरी येऊन तिची समजूत घातली, अगदी गोड बोलून. शेवटी ठरलं की रविवारी उपासनेनंतर जोडप्यावर प्रार्थना करायची आणि तिला सासरी पाठवायचं. स्वप्नालीही "बरं" म्हणाली. अख्खी मंडळी एका बाजूला म्हटल्यावर ती तरी काय म्हणणार? मावशींना कुणी विचारलं नाही.

त्या रविवारी फाटकाशी भाच्याची गाडी उभी होती आणि स्वप्नालीची बॅग गाडीत ठेवून झाली होती. साक्षीची वेळ आली आणि मावशी वही घेऊन उठल्या.

"देवानं मला एक शब्द दिला, त्याची साक्ष हाय," त्या म्हणाल्या. "सतरा जागी हाय ह्यो. बारा वर्साचा येशू सणाला देवळात गेलता. आईबाप गावाकडं निघालं, ह्यो मागंच ऱ्हायला. तिथंबी ह्योच शब्द. कोण मारत हुतं त्याला तिथं? मोठ्या मोठ्या गुरूंना प्रश्न इचारत बसलतं पोरगं!"

मागं कुणीतरी हसलं. सातपुते वडिलांना ते झोंबलं आणि त्यांनी कधी नव्हे तो नियम मोडला. "मार सोसायचंबी लिवलंय की, मावशी!"

"लिवलंय. मी झाकणारी न्हाय. चाकरांना लिवलंय, एकाच वचनात दोनदा. पण तिथं मार खाणाऱ्याला धीर दिलाय. दुसऱ्याच्या लेकीला मार खायाला धाडा, असं सतरा जागांत एकदाबी न्हाय. असलं तर दाखवा. वही हितं हाय."

वडिलांनी वहीकडं पाहिलंही नाही. त्यांचं बोट वर गेलं.

माझा डावा हात भात्यावर होता, उजवा पट्ट्यांवर. पेटी तीच, बाबांची. मला बयाबाईचा चेहरा आठवत नाही, पण तिचं ते अर्धं वाक्य आठवतं, आणि त्यानंतर बाबांनी घरी येऊन जेवण केलं नव्हतं तेही. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

वडील मागं वळले. "सूर धरा की!"

"मावशी अजून उभ्या हायत, वडील," मी म्हणालो.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या स्वप्नालीकडं वळल्या. "तुझ्या आईला हितंच बोलायचं हुतं. बोलू दिलं न्हाय तिला. आता तू बोल. आन् तुला न्हाय बोलायचं तर ऱ्हाऊ दे, मी संध्याकाळपातूर हुबी हाय."

स्वप्नाली उठली. प्लॅस्टरचा हात तिनं पदराखालून बाहेर काढला.

"मला एवढंच सांगायचंय," ती म्हणाली आणि पेटीकडं बघून थांबली.

मी भाता मिटला आणि त्याची खिट्टी लावली.

"मी जाणार न्हाय."

मग मावशी खाली बसल्या.