माझ्याकडे पाठ करून वाजवणारी मुलगी

आमच्या घरात मोकळी खोली एकच. एका कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर, दुसऱ्यात माझ्या मुलीची, रेवाची, इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा अॅम्प. वाजवताना ती नेहमी माझ्याकडे पाठ करून बसते. तिने इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा मी नको तेवढं बोललो होतो. तिचा तो राग अजून गेला नाही, असं मी धरून चाललो होतो. विचारलं मात्र कधी नाही.

काल रेवा अजून वळून बसायची होती, गिटार अॅम्पला जोडत होती; तेवढ्यात मी माउस हलवला आणि अॅम्पमधून किरकिर आली.

"बाबा, तुझ्या कॉम्प्युटरची विजेची खरखर गिटार पकडते," रेवा म्हणाली. "तुझ्याकडे तोंड केलं की घूं घूं करते. अशी वळले की गप्प." तिने वळून दाखवलं. गिटार खरंच गप्प झाली.

टेबलाखालचा तो कॉम्प्युटरचा डबा दिवसभर कुरकुरत असतो, हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. कुरकुरणाऱ्याला स्वतःची कुरकुर बहुधा ऐकू येत नसावी. शेजारी बसणारा आपला गुपचूप खुर्ची फिरवून घेतो.

मी कॉम्प्युटर बंद केला. रेवाने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि वाजवायला लागली. हात कुठे ठेवावेत, ते मला कळेना.