कस्तुरीचा वास

पंखा फिरतोय, पण त्याचा वारा अंगाला लागत नाही. पंचफुलाबाई कुशीवर वळतात, पुन्हा सरळ होतात. दुपारचे अडीच वाजून गेलेत. डोळ्यांवर पदर ओढला की झोप अगदी जवळ येते, आणि तेवढ्यात पोटातून मळमळ वर चढते. मग झोप निघून जाते. असं तीनदा झालं आहे.

मळमळ सकाळची आहे. आज त्यांच्या नवऱ्याला, ढोरे गुरुजींना, जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून शाळेनं त्यांचा फोटो सभागृहात लावला. पंचफुलाबाईंना खास गाडी पाठवून बोलावून नेलं. पडदा बाजूला झाला आणि त्यांना दिसलं की फोटोत गुरुजी एकटे नाहीत. मांडीवर हरणाचं पिल्लू, हातात दुधाची बाटली, आणि गुरुजी कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'अनाथ पाडसाचे पालक, प्राणिमित्र कै. शालिग्राम ढोरे गुरुजी.' पोरांनी टाळ्या वाजवल्या. हार पंचफुलाबाईंनीच घातला. घालताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, जणू फोटोतून वास येणार होता.

ती बाटली गुरुजींच्या हातात त्या एका दिवशीच होती. फोटो काढणारा गेल्यावर त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले होते.

बाकीचे दिवस पंचफुलाबाईंचे. शेळीचं दूध कोमट करायचं, निम्मं पाणी घालायचं, पिल्लाचं डोकं काखेत धरून पाजायचं. एवढं तर कोणीही करील. पण पाजून झाल्यावरचं काम कोणी सांगत नाही. हरणाचं तान्हं पिल्लू आपलं आपण शी करत नाही. आई त्याचं ढुंगण चाटते तेव्हा कुठे त्याला होतं. आई नसली तर कोणीतरी ओल्या फडक्यानं चोळायला लागतं, प्रत्येक पाजण्यानंतर, दिवसातून सहा वेळा. पिवळं, चिकट, फडक्यातून बोटांना लागणारं. नखात गेलेलं निघता निघत नसे. कानात गोचिड्या होत्या, एरंडाच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या. त्या चिमट्यानं काढून रॉकेलमध्ये टाकायच्या. गुरुजी तेव्हा दारात नाकाला रुमाल लावून उभे असत आणि म्हणत, "जपून वं, कस्तुरीले लागन."

हो, नाव त्यांनी कस्तुरी ठेवलं होतं. तिच्या आईला कुत्र्यांनी मारलं म्हणून शेतातून उचलून आणली, असं त्यांनी गावाला सांगितलं होतं.

हे सगळं आठवता आठवता पंचफुलाबाईंची पापणी जड होते. पंख्याचा आवाज लांब जातो. आणि वास येतो. आंबलेल्या दुधाचा, ओल्या फडक्याचा. कोणी फडकं न धुता ठेवलं, असं पुटपुटत त्या उठतात आणि स्वयंपाकघरात जातात.

गुरुजी पाटावर बसलेत. पांढरंस्वच्छ धोतर, खांद्यावर सत्काराची शाल, नाकाला रुमाल. ते गेलेले आहेत हे पंचफुलाबाईंना पक्कं ठाऊक आहे. भीती मात्र वाटत नाही. फरशी नुकतीच पुसली असताना कोणी चपला घालून आत यावं, तशी चीड येते.

"एवढा वास कशाचा येते वं?" गुरुजी रुमालातून विचारतात.

"तुमच्या कस्तुरीचा."

"अजून?"

"माह्या हाताचा गेलाच कधी?"

गुरुजी शाल सारखी करतात. मग हळूच म्हणतात, "आज फोटो लावला म्हणे."

"लावला."

"कसा आला?"

माणूस मेला, जळला, राख नदीत गेली, आणि परत येऊन विचारतो काय, तर फोटो कसा आला. पंचफुलाबाई मोरीकडे वळतात. हात धुवावेत म्हणून नळ सोडतात, तर नळाला पाणी नाही, पातळ ताक गळतंय. त्या नळ बंद करतात.

"मोठा आला," त्या पाठमोऱ्याच म्हणतात. "मी त्यात नाही."

"तूच तर म्हटलं व्हतं, मले नोको."

"माह्ये हात भरले व्हते म्हणून म्हटलं."

मागे पेढ्यांचा खोका उघडल्याचा आवाज येतो. पंचफुलाबाई वळून बघतात. स्वयंपाकघरात शाळेचे बाक लागलेत. बाकांवर माणसं बसलीत, सगळी ओळखीची. सरपंच, पतसंस्थेचे पुंडकर, गुरुजींचे जुने विद्यार्थी. प्रत्येकाच्या हातात पेढा आहे आणि प्रत्येक जण वाकून बाकाखाली पेढा धरतोय. "खाते, खाते! पाहा, कसं खाते!" बाकांखालून चाटण्याचा आवाज येतोय.

"देऊ नोका!" पंचफुलाबाई ओरडतात. कोणी ऐकत नाही. पिल्लू घरी आणल्याच्या तेविसाव्या दिवशीही कोणी ऐकलं नव्हतं. गुरुजींच्या वाढदिवसाला ओसरी भरली होती, आणि गुरुजी स्वतःच खोका फिरवत होते. संध्याकाळपासून पिल्लाला जुलाब सुरू झाले. आधी पिवळे, मग पाण्यासारखे, मग रक्ताचे. तिसऱ्या दिवशी ते पंचफुलाबाईंच्या मांडीवर गेलं. जाताना त्यानं मांडी घाण केली. गुरुजींनी परसात खड्डा केला आणि गावात सांगितलं की कस्तुरी मोठी झाली, जंगलात सोडून आलो. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली त्यांना शाल आणि नारळ मिळाला. त्याच वेळी पंचफुलाबाई घरी फरशीच्या सांध्यांतून काडीनं घाण काढत होत्या.

आता बाक रिकामे आहेत. फक्त गुरुजी आहेत, आणि स्वयंपाकघराच्या फरशीतून तुरीची झाडं वर आलीत, कमरेएवढी, पिवळ्या फुलांची.

"एक विचारते," पंचफुलाबाई म्हणतात. "खरं सांगसान?"

"आता खोटं बोलून काय करू?"

"कुत्र्याइनं मारलेली हरणी तुमी पाह्यली व्हती?"

गुरुजी रुमालाची घडी घालतात. उलगडतात. पुन्हा घालतात. त्यांच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्या पोराला उत्तर येत नसे ते असंच करायचं, आणि गुरुजी त्याला बाकावर उभं करायचे.

"चाल," ते म्हणतात. "दाखवतो."

दोघं दोन पावलं चालतात आणि समोर शेतच आहे. देवळाच्या पलीकडचं, बांधाजवळचं. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन आहे. तुरीच्या दोन ओळींमध्ये तांबूस पिल्लू बसलंय, मान जमिनीला टेकवून, कान मागे दाबून. अंगाला कुठे ओरखडा नाही. पोट भरलेलं आहे. तोंडाला अजून दुधाचा फेस आहे.

"कुत्रे कुठी हायेत?" पंचफुलाबाई विचारतात.

"नव्हतेच."

"अन् माय?"

गुरुजी बोट दाखवतात. बांधाच्या पलीकडे, वीस पावलांवर, हरणी उभी आहे. पळत नाही. एक पाय उचलून आपटते, पुन्हा उचलते. तिचे डोळे गुरुजींच्या हातांवर आहेत.

"तिले पाहून बी उचललं?"

"उचललं."

"काहून?"

गुरुजी बोलतात तेव्हा आवाज बारीक असतो, वर्गातला नसतो. "रिटायर होऊन अकरा महिने झाले व्हते. ओसरीवर कोणी बसाले येत नव्हतं. रस्त्यानं पोरं जात, नमस्कार बी करत नव्हते. मी ते पिल्लू पंच्यात गुंडाळून गावातून आणलं, तं सारे दारात आले. चहा प्याले थांबले. मले लई दिवसांनी कोणी तरी विचारलं, गुरुजी, पुढे काय झालं? मग मी सांगितलं कुत्र्याइचं."

पंचफुलाबाई त्यांच्याकडे बघतात. या माणसाचं उष्टं ताट त्यांनी एकेचाळीस वर्षं उचललं. त्याच्या शेवटच्या आजारात भांडं ठेवलं, काढलं, धुतलं, कधी नाक मुरडलं नाही. आणि आज, नीट धुतलेल्या धोतरातल्या या माणसाची त्यांना एवढी शिसारी येते की त्याची शाल लागू नये म्हणून त्या एक पाऊल मागे सरतात.

"चहा प्याले," त्या म्हणतात. "चहा प्याले माणसं यावं म्हणून तुमी तिच्या थानाखालून लेकरू ओढलं."

गुरुजी मान खाली घालतात. "अन् तू?"

"मी काय?"

"चौथ्या दिवशी. मांगच्या तारेपाशी."

हे कोणालाच माहीत नाही. त्या दिवशी गुरुजी बाजाराला गेले होते. ऊन कलत होतं.

आणि ती वेळ आताच आहे. शेत नाही, घराचा मागचा दरवाजा आहे. त्या दारात उभ्या आहेत, काखेत पिल्लू, हातात बाटली. काटेरी तारेच्या पलीकडे हरणी आली आहे, गावाच्या इतक्या जवळ, कुत्र्यांच्या वस्तीत. तिची कास ताठ झाली आहे. दूध आपोआप थेंब थेंब गळतंय आणि मातीत जिरतंय. ती घशातून आवाज काढते, अगदी हलका, खोकल्यासारखा. काखेतलं पिल्लू कान टवकारतं, पाय झाडतं.

दार उघडं होतं. पिल्लू खाली ठेवायचं होतं, बस. तारेखालून ते सहज गेलं असतं.

पंचफुलाबाईंनी पदरानं त्याचा कान झाकला होता. आत गेल्या होत्या. कडी लावली होती.

"काहून?" गुरुजी विचारतात. तिरकसपणा नाही, खरंच विचारतात.

"चार दिवस मी पाजलं व्हतं," पंचफुलाबाई म्हणतात. "सहा-सहा वेळा पुसलं व्हतं. मले वाटलं, आता हे माह्यं हाय. त्या हरणीचाच राग आला मले. इतके दिवस कुठी व्हती म्हणून."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःच्या हातांकडे बघवत नाही. गुरुजींची जी किळस आली होती ती तशीच आहे, कमी झाली नाही. आता फक्त ती दोघांना पुरते आहे.

पिल्लू दोघांच्या मधे पडलंय. हे तेविसाव्या दिवसानंतरचं पिल्लू आहे. मागचे पाय वाळलेल्या घाणीनं चिकटलेत, शेपटीखाली माश्या बसल्यात. पोट फुगलंय. ते कण्हतंय. हरणी तारेपलीकडे उभी आहे आणि आत येऊ शकत नाही.

"त्याले मोकळं कर वं," गुरुजी म्हणतात. "पुस."

"फडकं नाही."

"मग?"

"माय फडक्यानं करते काय? जिभेनं करते." पंचफुलाबाई त्यांच्याकडे वळतात. "तुमी करा. पालक ना तुमी? सोन्याच्या अक्षरात लिवलं हाय."

गुरुजी पंचफुलाबाईंच्या तोंडाकडे बघत राहतात. मग ते खरोखर गुडघे टेकतात. पांढरं धोतर चिखलात बसतं. रुमाल बाजूला ठेवतात, वाकतात, आणखी वाकतात. तोंड टीचभर अंतरावर येतं. माशी त्यांच्या ओठावर बसते. त्यांना उमासा येतो, खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी येतं. ते पुन्हा वाकतात. पुन्हा उमासा. तिसऱ्या वेळी ते जमिनीवर हात टेकून तसेच राहतात.

"मले जमत नाही वं, पंचफुला."

त्यांनी एकेचाळीस वर्षांत तिला नावानं हाक मारली नव्हती.

"सरका," ती म्हणते.

ती खाली बसते. पिल्लाचे मागचे पाय हातात धरते. डोळे मिटत नाही. जीभ लावते. चव आंबट, खारट, लोखंडासारखी. घशातून सगळं वर येतं, ती ते गिळते आणि पुन्हा जीभ लावते. हळूहळू घाण सुटते. गुरुजी शेजारी बसून माश्या हाकलतात, शालीच्या टोकानं, न बोलता. तेवढं ते करतात. शाल घाण होते, तरी थांबत नाहीत. थोड्या वेळानं पिल्लाचं पोट आत जातं, अंग शहारतं, आणि पाय ताणून ते उभं राहतं. लटपटतं. तारेकडे जातं.

"आता?" गुरुजी विचारतात.

"आता काही नाही. मेलेलं हाय ते. मेलेलंच राहीन."

"मंग हे काहून केलं?"

तारेपलीकडे हरणी मान खाली घालून पिल्लाला हुंगते. हुंगत राहते. त्याच्या अंगाला माणसाचा वास येतोय, हे पंचफुलाबाईंना इथून कळतं. हरणी घेईल की नाही, हे बघायला त्या अर्ध्या उठतात, आणि गुरुजी म्हणतात, "अवो, पाहू नोको, पाहू नोको," आणि

पंखा फिरतोय. पदर डोळ्यांवरून सरकलाय. भिंतीवरचं ऊन हातभर वर चढलंय. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते.

तोंडात काहीतरी टोचतंय. पंचफुलाबाई जीभ टाळूवर फिरवतात, दोन बोटं तोंडात घालतात आणि ते ओढून काढतात. उजेडात धरतात. एक केस आहे, बोटाच्या पेरापेक्षा लहान, राठ. मुळाशी पांढरा आणि टोकाला तांबूस.

त्या मोरीपर्यंत जातात, तांब्या उचलतात. चूळ भरायला पाणी तोंडाजवळ नेतात, आणि तांब्या तसाच खाली ठेवतात.