आंब्यावरचं बाशिंग

फांदी मोडली आणि माझी धाकटी जाऊ फांदीसकट खाली आली. आधी ती बांधाच्या दगडांवर पडली, मग फांदी तिच्यावर. मी बुंध्याशी उभी होते. फांदी ओढायला गेले तर हलेना. आठ दिवस पाऊस लागून राहिला होता आणि फांदीवर बाशिंगाचे पाच-सहा गड्डे होते, एकेक भिजलेल्या पोत्याएवढा जड. जावेच्या नाकातून रक्त येत होतं. डोळे उघडे होते.

"आक्का, माझे पाय कुठं हायेत?" ती म्हणाली.

पाय जागेवरच होते. तिला त्यांची जाणीव नव्हती.

बांधापलीकडे कंपनीची तार होती. माझं ओरडणं ऐकून तिथला वॉचमन तारेखालून आला आणि त्याने आणि मी मिळून फांदी बाजूला केली. जावेच्या मुठीत बाशिंगाचं मूळ तसंच होतं, उदी, केसाळ, खारीच्या शेपटासारखं. हे मूळ आंब्यावरचंच पाहिजे असं तिला मी सांगितलं होतं.

हे बाशिंग लग्नातलं नव्हे. झाडाच्या खोडावर, फांदीवर वांदरासारखं बसतं, म्हणून काही लोक वांदरबाशिंग म्हणतात. त्याला दोन तऱ्हेची पानं. एक लांब, हिरवी, कातरलेली. उन्हाळ्यात ती गळतात. दुसरी आखूड, तपकिरी, कागदासारखी, फांदीला चिकटून उभी. ती वाळली तरी गळत नाहीत. त्यांच्या आड झाडाचा पाला अडकतो, धूळ बसते, ते कुजून काळी माती होते, आणि मूळ त्या मातीत पसरतं. मुंग्या असतात, कधी विंचू. फूल नाही, बी नाही. हिरव्या पानाच्या पाठीवर तांबूस ठिपके येतात, नखाने खरवडले तर भुकटी निघते. वैशाखात बघितलं तर मेलेलं वाटतं. पाऊस झाला की चार दिवसांत हिरवं.

सासूला टायफॉइड झाला होता. चौदावा दिवस होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या चालू होत्या, पण ताप उतरत नव्हता. ती कुणाला ओळखेनाशी झाली होती. आमच्याकडे अशा तापावर बाशिंगाच्या मुळाचा काढा देत. घरातले दोघे भाऊ, म्हणजे माझा नवरा आणि दीर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत फर्स्ट शिफ्टला गेलेले. घरात आम्ही दोघी जावा.

सकाळी जाऊ मूळ घेऊनही आली होती. विहिरीवरच्या जांभळाला हाताला येईल एवढ्या उंचीवर बाशिंग होतं, तिथून तिने काढलं. मी ते हातातून घेऊन उकिरड्यावर टाकलं. बाशिंग ज्या झाडावर बसतं त्याचा रस पितं, आणि त्या झाडाचा गुण त्यात उतरतो, असं आम्ही मानत होतो. आंबा उष्ण, ताप बाहेर काढतो. जांभूळ थंड, ताप आत दाबतं. माझ्या आईने मला हेच सांगितलं होतं.

जाऊ म्हणाली, "मूळ मुळासारखंच हाय की आक्का. त्याच्यावर काय झाडाचं नाव लिवलंय?"

"तुमच्या देहूरोडला समदं दुकानातनं आणत्यात. तुला काय ठावं?" मी म्हणाले.

तिचा बाप तिथे लष्कराच्या डेपोत कामाला होता. झाडावर चढायची तिला सवय नव्हती. मी चढले असते, पण मला पाचवा महिना होता. तरी तिने पदर खोचला आणि निघाली. आंब्याला खाली बाशिंग नव्हतं, वर होतं, दोन पुरुष उंचीवर. मीच तिला ती फांदी दाखवली. पावसात बाशिंगाच्या फांदीवर पाय देऊ नये हे मला माहीत होतं. पण सासू मरत होती आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

वॉचमनने कंपनीचा टेम्पो मिळवला. पुण्याला न्यायचं ठरलं. दापोडीच्या पुलापर्यंत ती बोलत होती. भात चुलीवर राहिलाय म्हणाली. पुलापुढे बोलली नाही.

तिच्या मुठीतलं मूळ शेजारच्या म्हातारीने उचलून ठेवलं होतं. तिने ते ठेचून काढा केला आणि सासूला पाजला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गोळ्याही तोवर पोटात गेलेल्या होत्या, पण गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. सुतकाला आलेल्या बायका म्हणाल्या, पोरीने सासूसाठी जीव दिला, आंब्याच्या बाशिंगाने गुण दिला. मी मान हलवली. दीर माझ्याशी तेव्हापासून बोलला नाही. त्याला खरं माहीत होतं, कारण मीच त्याला सांगितलं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी आकुर्डीला एका कंपनीच्या बागेत कामाला लागले. तिथला माळी कोकणातला, म्हातारा. एकदा त्याने बाशिंगाचा तुकडा काथ्याने जुन्या फळीला बांधला आणि ऑफिसच्या भिंतीवर टांगला. मी हसले. म्हटलं, फळीला कुठला रस, मरेल ते.

"रस कशाला हवा?" तो म्हणाला. "बाई, हा भाडेकरू. जागा वापरतो, खाणं स्वतःचं स्वतः बघतो. घरात घुसून खातं ते बांडगूळ."

त्याने त्याला पाणी आणि मूठभर कुजका पाला याखेरीज काही दिलं नाही. उन्हाळ्यात हिरवी पानं गळाली. पावसाळ्यात नवी आली, हातभर लांब. मी रोज तिथे झाडायला जायचे तेव्हा बघायचे. एके दिवशी त्याला विचारलं, आंब्यावरचं आणि जांभळावरचं यात फरक काय?

"काय नाय. एकच ता," तो म्हणाला आणि पाण्याचा पाइप ओढत पुढे गेला.

म्हणजे त्या सकाळी मी उकिरड्यावर टाकलेलं आणि तिच्या मुठीत राहिलेलं, दोन्ही एकच होतं. मी घरी जाऊन सासूला हे सांगितलं. ती तोवर ऐंशीच्या घरात होती, दात एकही नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग मी कशानं उठले?" तिने विचारलं.

"गोळ्यांनी," मी म्हणाले.

"तुझ्या दिराला सांगू नगंस," ती म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्याने ऐकलं, चपला घातल्या आणि सेकंड शिफ्टला निघून गेला.

सासू त्यानंतर आणखी सहा वर्षं जगली. माझी मुलगी फांदी मोडली त्याच साली मार्गशीर्षात झाली होती, ती आहे. मी आहे. जाऊ एकवीस वर्षांची होती, ती पुलापाशी गेली.