पंख्याचं बटण

हे गेल्यावर पाच महिन्यांनी मी गाडी चालवायला शिकले. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. हे असताना कितीदा म्हणायचे, "अगं, शिकून घे. मी बसतो शेजारी." मी म्हणायची, "तुम्ही आहात ना!" शेवटी धारवाडच्या ड्रायव्हिंग क्लासमधल्या बाई शेजारी बसल्या. त्या फार चांगलं शिकवायच्या. तरी क्लच सोडताना दर वेळी माझं लक्ष डावीकडे जायचं आणि तिथे त्या दिसल्या की उगीच वाईट वाटायचं.

हे वकील. आमच्या त्या जुन्या छोट्या गाडीने रोज धारवाडहून हुबळीच्या कोर्टात जायचे. मी शाळेतून लवकर निवृत्ती घेतल्यावर शनिवारी मलाही न्यायचे. तोच शनिवारचा नेम मी एकटीने पुन्हा सुरू केला आणि तिसऱ्याच खेपेला कोप्पीकर रोडच्या गर्दीत बॉनेटखालून वाफ यायला लागली. काटा लाल पट्टीला टेकलेला. मी घाबरून उतरले आणि बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात समोरच्या कापडदुकानाचे मालक ओरडत आले, "वहिनी, हात लावू नका! भाजेल!" त्यांनी मला दुकानात बसवलं, पाणी दिलं. ते यांना ओळखत होते. "वकीलसाहेबांची गाडी कधी तापलेली पाहिली नाही हो," असं ते सहज म्हणाले. मला मात्र तो ठपका वाटला. त्यांची गाडी मी बिघडवली.

धारवाडच्या एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला. इंजिन तापलं की हा रेडिएटरकडे पाणी सोडतो, तो अडकला असणार, असं त्याचं म्हणणं. पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा तापली. दुसऱ्याने रेडिएटर काढून धुतला, आतून गंजाचं तांबडं पाणी निघालं, नवीन कूलंट भरलं. तरीही तेच. तो म्हणाला, "अक्का, हेड गॅस्केट गेलं असेल. इंजिन खोलायला लागेल. त्यापेक्षा विकून टाका."

विकून टाका, हे मीच यांना वर्षानुवर्षं सांगत होते. "नवीन घेऊ या, ही आता म्हातारी झाली." ते म्हणायचे, "तिला काही धाड भरलेली नाही." आता दुसऱ्या कुणी तेच म्हटल्यावर मला राग आला.

कापडदुकानाच्या मालकांनी मग हुबळीतल्याच एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी कानडीत विचारलं, "अक्का, मोकळ्या रस्त्यावर तापते की गर्दीत?"

मी आठवून सांगितलं. धारवाड ते हुबळी काटा मध्यावरून हलत नाही. गर्दीत थांबलं की दहा मिनिटांत चढतो.

"मग इंजिन खोलायचं कारण नाही," ते म्हणाले. "पळताना समोरून वारा लागतो. थांबल्यावर वारा पंख्याने द्यायचा असतो. बघू या, देतो का."

गाडी जागेवर चालू ठेवून आम्ही दोघं उभे राहिलो. काटा चढत गेला, पंखा हलेना. त्यांनी इंजिन बंद केलं, बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला लावल्या. पंखा गरगर फिरला. म्हणजे पंखा चांगला, त्याला हुकूम देणारा सेन्सर मेलेला. पण सेन्सरपाशी हात घातला आणि ते थांबले. तिथली वायर कुणीतरी तोडून, काळी पट्टी गुंडाळून, दुसऱ्याच एका वायरीला जोडली होती. ती वायर आत, स्टिअरिंगच्या खाली जात होती. मेस्त्री वाकले, त्यांनी चाचपलं, आणि टक् असा आवाज झाला. बाहेर पंखा सुरू झाला.

"अक्का, इथे बटण आहे! साहेब हाताने पंखा लावत होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं. पण मी ते पाहिलं होतं. उणकलचा तलाव मागे पडून हुबळीची गर्दी लागली की यांचा उजवा हात स्टिअरिंगखाली जायचा. मी विचारायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही, गुडघा." मी वैद्यांकडून तेल आणलं होतं. रोज संध्याकाळी उजव्या गुडघ्याला चोळून द्यायची, आणि हे पाय पुढे करून मुकाट्याने चोळून घ्यायचे! गाडीत खोट आहे म्हटलं असतं तर मी ती विकायला लावली असती. म्हणून हा सगळा कारभार.

मी तिथेच हसायला लागले. हसता हसता रडू आलं. मेस्त्री आत जाऊन चहा सांगून आले आणि पान्हे पुसत बसले.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "नवीन सेन्सर टाकतो, पंखा आपोआप लागेल. हे बटण काढून टाकू?"

क्षणभर नको म्हणावंसं वाटलं. पण मी थकले की विसरते, आणि एखाद्या दिवशी विसरले तर इंजिन खरंच जाईल. "काढा," मी म्हणाले. त्यांनी वायर ओढून काढली. काळी पट्टी उलगडताना दिसलं, ती फार नेटकी गुंडाळली होती, एकावर एक, कुठेही सुरकुती नाही. कोर्टाच्या कागदांच्या फायलीही हे तशाच बांधायचे.

परतताना दुपारच्या गर्दीत अडकले. थोड्या वेळाने बॉनेटखाली पंखा आपला आपण सुरू झाला. काटा मध्यावरच राहिला. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्यांच्याशी भांडायची इतकी इच्छा झाली! केवढं मोठं भांडण झालं असतं आमचं त्या दिवशी, घरी पोचेपर्यंत पुरलं असतं. मी खिडकीची काच वर केली, म्हणजे शेजारच्या रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये, आणि म्हटलं, "अहो, मला सांगायचं तरी!"

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला, आणि मी पहिला गिअर टाकला.