सर्वनामाच्या खोलीतल्या बाई

आमच्या क्लासमध्ये शिक्षकांना नावं नव्हती, धडे होते. मी इंग्रजीचे काळ शिकवायचो, म्हणून मी काळवाले सर. ‘काळ आलेत का?’ असं कुणी जिन्यात ओरडलं की नवीन पालक दचकायचे. समोरच्या खोलीत कर्तरी-कर्मणी शिकवणारे ‘प्रयोग’ बसायचे. आणि माझ्या शेजारी, मध्ये नुसती प्लायवूडची भिंत असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत, सर्वनामवाल्या बाई.

ही अक्कल मोठ्या सरांची, म्हणजे क्लासच्या मालकांची. पूर्वी त्यांच्याकडे एक शिक्षक सगळं पुस्तक एकट्यानं शिकवायचे. ते एका सुट्टीत गेले आणि समोरच्याच इमारतीत स्वतःचा क्लास काढून बसले. निम्मी पोरं त्यांच्या मागोमाग गेली. मोठ्या सरांनी त्याचा असा धसका घेतला की पुस्तकाचे तुकडेच पाडले. एका शिक्षकाला एक धडा, बस. पोरांची तुकडी आठवडाभर एका खोलीत बसायची, घंटा झाली की पुढच्या खोलीत. शिक्षक जागचा हलायचा नाही. मोठे सर खाली ऑफिसात खोल्यांतल्या कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसून भोंग्यावरून हुकूम सोडायचे, ‘काळ, आवाज वाढवा’, ‘प्रयोग, खुर्चीवरून उठा’.

बाई चणीनं बारीक, आवाज मात्र खणखणीत. त्यांचा धडा मला भिंतीपलीकडून ऐकून तोंडपाठ झाला होता. ‘आय, ही, शी, वुई, दे हे करणारे. मी, हिम, हर, अस, देम हे सोसणारे. वाक्यात कोण करतंय आणि कोण सोसतंय एवढं बघा, बाकी सगळं आपोआप येतं.’ पोरांची पहिली दांडी कुठं उडणार हेही ठरलेलं. कुणीतरी ‘मी गो टू स्कूल’ म्हणायचंच. बाई म्हणायच्या, ‘मराठीतला मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून या.’ मग ‘माय ब्रदर अँड मी वेंट’ची पाळी. ‘आता त्या भावाला जरा बाहेर पाठवा. गेला? आता एकटे बोला. मी वेंट म्हणाल का?’ इथं पोरं हसायची. दर तुकडी इथंच हसायची. मला त्या हसण्याचा वीट आला होता, बाईंचं काय होत असेल देव जाणे.

एकदा मधल्या सुट्टीत चहा पिताना त्या म्हणाल्या, “सर, तुम्हाला एका तरी पोराचं नाव माहीत आहे?”

मी म्हटलं, “आठवड्यात कसलं नाव कळतंय? चेहरा बसेपर्यंत घंटा होते.”

“मी आपली ‘तू, निळ्या शर्टवाल्या’ आणि ‘ती, दोन वेण्यांची’ म्हणते. परवा बाजारात एका बाईनं वाकून नमस्कार केला. कडेवर मूल होतं. म्हणाली, ‘मॅडम, ओळखलंत?’ मी म्हटलं, हो गं, न ओळखायला काय झालं! धादांत खोटं.” बाईंनी कप खाली ठेवला. “मला एकदा, फक्त एकदा, तीच पोरं वर्षभर हवी आहेत. कोण कुठं अडतं, कोण कुणाशी भांडलं, कुणाचा दात पडला, सगळं कळलं पाहिजे. नाहीतर शिकवलं असं म्हणायचं तरी कशाला?”

मला तेव्हा ते बोलणं चहाबरोबरच संपणारं वाटलं. पण त्यांची नणंद एका शाळेत लिपिक होती. तिनंच घरी येऊन सांगितलं, “वहिनी, पाचवीची जागा निघतेय. सगळे विषय, एकच वर्ग. मुकाट्यानं अर्ज टाक, दादाशी मी बोलते.” दादाशी बोलण्यासारखं फारसं नव्हतंच. बाईंचे यजमान घरी पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचे, आणि तोंडात स्क्रू धरून जेवढं बोलता येईल तेवढंच बोलायचे. त्यांनी मान हलवली. शाळेनं नमुना पाठ घ्यायला बोलावलं, येताना मूळ प्रमाणपत्रं आणा म्हणून कळवलं.

मूळ प्रमाणपत्रं मोठ्या सरांच्या कपाटात. आमची सगळ्यांचीच तिथं होती. नोकरीला लागताना ‘सुरक्षित राहतील’ म्हणून ठेवून घेतलेली. बाई ती मागायला गेल्या तेव्हा मी तिथंच हजेरीची सही करत होतो. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. मोठ्या सरांनी शांतपणे कपाट उघडलं, पाकीट काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, “जा, अवश्य जा. फक्त परत आणाल तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा, कागद जुने झालेत.” त्यांच्या टकलावर डस्टर हाणावा असं मला फार वाटलं. मी सही करून वर आलो.

बाई नमुना पाठाला गेल्या त्या दिवशी माझा पाठात जीव लागेना. त्यांच्या खोलीला कुलूप, पलीकडे सामसूम. नेहमीच्या वेळेला हसणं ऐकू आलं नाही, तर मलाच चुकल्यासारखं झालं. त्या सुटाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. आणि त्या सुटल्या तर आपण इथं एकटे पडू, असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जिना चढून आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी.

“काय झालं?” मी विचारलं.

“गोष्ट दिली होती शिकवायला. एक नावाडी असतो, त्याला पुरात झाडावर अडकलेला एक मुलगा दिसतो. किती छान गोष्ट असेल, सर! मुलांच्या छातीवर नावांच्या चिठ्ठ्यासुद्धा लावल्या होत्या, मला हाक मारता यावी म्हणून.” त्या थांबल्या. “दुसऱ्याच ओळीत आलं, ‘ही कॉल्ड हिम’. एकाच वाक्यात दोन्ही. माझा हात आपोआप फळ्याकडे गेला.”

“मग?”

“मग काय? तक्ता. करणारे डावीकडे, सोसणारे उजवीकडे. एक मुलगा सारखा हात वर करत होता. ‘मॅडम, तो मुलगा बुडतो का?’ मी म्हटलं, आधी सांग, तो मुलगा ही की हिम? चिठ्ठी समोर होती त्याच्या छातीवर, तरी मी त्याला ‘तू, तिसऱ्या बाकावरच्या’ म्हणाले. मुख्याध्यापिका मागं बसून ऐकत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, ‘व्याकरण तुमचं पक्कं आहे हो.’ कळलं मला.” बाईंनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “सर, तो मुलगा बुडतो की वाचतो, मलाही माहीत नाही. मी पान उलटलंच नाही.”

खालून भोंगा वाजला, ‘सर्वनाम, तुकडी बसली आहे.’ बाई आत गेल्या.

तुकडीच्या शेवटच्या दिवशी बाई प्रत्येकाकडून खोलीतल्याच कुणावर तरी वाक्य करून घ्यायच्या. भिंतीपलीकडून नेहमीची वाक्यं येत होती. ‘आय पुश्ड हिम’, ‘ही पुश्ड मी’. मग एका मुलीचा स्वच्छ आवाज आला, “वुई नो हर. शी डझन्ट नो अस.”

“कुणावर केलंस?” बाईंनी विचारलं.

“तुमच्यावर, मॅडम.”

आवाजात खोडी नव्हती. पोरगी आपली गृहपाठ केल्यासारखी बोलली होती. मी हातातला खडू थांबवला.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “अगदी बरोबर आहे. नाव काय गं तुझं?” तेवढ्यात घंटा झाली आणि बाकं सरकल्याच्या आवाजात पुढचं सगळं बुडालं.

पुढच्या आठवड्यात ती तुकडी माझ्याकडे आली. ती मुलगी कोणती हे मी आवाजावरून ओळखलं. पिवळी क्लिप लावून पहिल्या बाकावर बसायची. एक दिवस मी भूतकाळ समजावत होतो आणि दार उघडलं. बाई. तास चालू असताना खोली सोडायची नाही हा आमच्याकडचा पहिला नियम, आणि कॅमेरा बरोबर दारावरच. बाईंनी आत पाहिलं आणि त्या मुलीला नाव घेऊन हाक मारली. पूर्ण नाव, आडनावासकट.

मुलगी उभी राहिली. “काय, मॅडम?”

“काही नाही गं,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी बघतच राहिलो. “सहज.”

भोंगा खरखरला. ‘सर्वनाम, आपल्या खोलीत जा.’

बाई गेल्या. पलीकडं त्यांचा आवाज सुरू झाला, करणारे, सोसणारे. मुलगी अजून उभीच होती. तिला खाली बस म्हणावं, आणि तेही नावानं म्हणावं, म्हणून मी तोंड उघडलं. आत्ता, या क्षणी ऐकलेलं नाव मला आठवेना.

“बस,” मी म्हणालो, “पिवळ्या क्लिपवाली, बस.”