विचारून येणारे सोमाजी

सोमाजी उईके कधी दारातून सरळ आत आले नाहीत. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या आमच्या प्रयोगशाळेचं दार दिवसभर सताड उघडं असतं. शिपाई येतो, विद्यार्थी येतात, चुकलेले पेशंटसुद्धा एक्स-रे कुठे म्हणून आत शिरतात. सोमाजी मात्र उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहायचे आणि कोणी ‘या’ म्हणेपर्यंत समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत थांबायचे. मी कामात असले की मला त्याचा वैताग यायचा.

“बाबाजी, या ना आत. उभे काय राहता?”

“तू म्हनशीन तवा. घर तुहं हाय.”

“हे घर नाही हो, लॅब आहे.”

“त्याले दार हाय न? मंग घरच.”

त्यांचं गाव तळेगावहून बरंच आत, जंगलाच्या कडेला. गावाचं नाव मी लिहीत नाही. सोमाजींचं नाव लिहायला त्यांच्या मुलाने हो म्हटलं, गावाचं लिहू नका म्हणाला. त्याला कारण आहे. आमच्या आधी कुठली तरी तुकडी तिथे सिकलसेल, हा पिढ्यांतून उतरणारा रक्ताचा आजार, तपासून गेली होती आणि कोणाच्या रक्तात काय निघालं ते शाळेच्या पटांगणात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्या उन्हाळ्यात गावातल्या जुळलेल्या सोयरिकी मोडल्या. ‘त्या गावची पोरगी नको’ असं नात्यागोत्यात झालं ते पुढे कितीतरी दिवस.

म्हणून आमची जीप गावात गेली तेव्हा सोमाजींनी आम्हाला सामान उतरवू दिलं नाही. ते गावचे माजी पोलीस पाटील, आवाज खणखणीत, आणि आपला शब्द गावात चालतो याची त्यांना पुरेपूर जाणीव. घरात गोंडी बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडी. आम्हाला चिंचेखाली बसवून त्यांनी आधी माझीच चौकशी केली.

“तुमचे देव किती?”

गोंडांमध्ये कुळाचे देव किती, सात की सहा की पाच, यावरून लग्न जमतं की नाही ते ठरतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आम्ही बोरगाव मेघेचे, आजोबांपासून बौद्ध, देव नाहीत. त्यांनी जरा विचार केला.

“मंग तुमच्यात लगन कसं जुळवता?”

“भांडणं करून,” मी म्हटलं. तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मग पाळी आमच्या सरांची, म्हणजे लॅबच्या प्रमुखांची. हे रक्त कोनाकोनाले दाखवान? नाई देलं तं दवाखान्यात उभं करान का नाई? उरलं तं त्याचं काय? सर घाम पुसत एकेकाचं उत्तर देत होते. उरलेलं सांभाळून ठेवू, दुसऱ्या कामाला लागलं तर पुन्हा विचारायला येऊ, असं त्यांनी कबूल केलं. शेवटी सोमाजींनी एक अट घातली. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, आणि दिल्यावर आमच्याकडे कोणाचंही नाव राहता कामा नये.

“नाव राह्यलं का कोनी ना कोनी वाचते,” ते म्हणाले.

सरांनी अट पाळली. घरोघर रिपोर्ट देऊन झाले आणि नाव कोणतं, नळी कोणती हे सांगणारे कागद आम्ही त्याच चिंचेखाली जाळले. कॉम्प्युटरमधूनही काढून टाकले. फ्रीजरमधल्या नळ्यांवर उरला तो गावाचा संकेत आणि खाली आकडे. सोमाजींनी आधी स्वतः रक्त दिलं होतं; मग देताना त्यांच्या बायकोने, मैनाबाईंनी, मान फिरवून घेतली होती आणि सोमाजी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, एवढं मला आठवतं.

पुढे दुसऱ्या एका शहरातल्या प्रयोगशाळेला त्या उरलेल्या रक्तावर काम करायचं होतं. एकाच घरात एकाला हा आजार जेमतेम त्रास देतो आणि दुसऱ्याला आडवं पाडतो, ते का, हे त्यांना शोधायचं होतं. कबूल केल्याप्रमाणे आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा विचारलं. गावाने हो म्हटलं. मैनाबाईंनीही म्हटलं.

त्यानंतर मैनाबाई गेल्या. न्यूमोनियाने, चार दिवसांत. आम्हाला कळलंही नाही. काही आठवड्यांनी सोमाजी दारात उभे दिसले. मी ‘या’ म्हटलं, स्टूल दिलं. ते बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “तिचं रगत न्याले आलो.”

त्यांच्याकडे मेलेल्या माणसाला देवांत मिळवतात. तो विधी कसा असतो ते मी लिहिणार नाही. मला थोडंफार कळलं, ते लिहिण्यासाठी सांगितलेलं नव्हतं. इतकंच सांगते की माणूस पुरा मिळावा लागतो, असं सोमाजींचं म्हणणं होतं.

“अर्धी तिथं अन् थोडी तुमच्या पेटीत. अशी कशी मिळवू तिले?”

सर आले. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की मैनाबाईंची नळी आहे, पण कोणती ते कोणालाच सांगता येणार नाही. नावं जाळली होती. आपणच घातलेली अट आपल्या वाटेत उभी आहे, हे सोमाजींना लगेच समजलं. आमच्यावर त्यांनी आगपाखड केली असती तर मला सोपं गेलं असतं.

“मंग साऱ्या गावाच्या द्या,” ते म्हणाले. “त्याच्यात ते येईनच.”

ते शक्य होतं. गावाचा संकेत होता, नळ्या सगळ्या एका डब्यात होत्या, आणि दुसरं काम अजून सुरू व्हायचं होतं. पण रक्त साऱ्या गावाचं, आणि गावाने ते कामासाठी दिलेलं. एथिक्स कमिटीने सांगितलं की एकेकाला विचारा, आणि विचारताना संस्थेचं कोणीतरी सोबत असू द्या. ते कोणीतरी म्हणजे मी.

सोमाजींचं विचारणं हा बघण्यासारखा प्रकार होता. ते घरात जायचे, बसायचे, ढोरांची, कपाशीची, जावयाची विचारपूस करायचे. चहा व्हायचा. मला वाटायचं आता तरी मुद्द्यावर या. मग ते कप खाली ठेवून म्हणायचे, “एक मांगाचं हाय. नाई म्हनाचं असन तं नाई म्हनजो. मी उद्याबी तुह्या घरी चा पेईन.” आणि त्यानंतर मैनाबाईंचं सांगायचे. माझ्या नोकरीत मी संमतीपत्रं ढिगाने वाचून दाखवली आहेत. त्यात ‘आपण नकार देऊ शकता’ असं वाक्य असतंच. ते वाक्य खरं वाटावं असं म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

गाव हो म्हणत गेलं. उरलं शेवटचं घर, त्यांच्या पुतण्याचं. पुतण्याची बायको सुनंदा; ती सोमाजींना मामाजी आणि मैनाबाईंना मामीजी म्हणायची. तिच्या मुलीला सिकलसेल, आणि तोही आडवं पाडणारा. दर दोन-तीन महिन्यांनी पोर दुखण्याने कळवळायची आणि तिला घेऊन दवाखाना गाठावा लागायचा. सुनंदाने सगळं ऐकून घेतलं. मग पदर हातात पिळत म्हणाली, “मामाजी, मी नाई म्हनतो.”

तिच्या नवऱ्याने मान वर केली. सोमाजींनी त्याला हातानेच गप्प बसवलं.

“त्या लोकाईले काई सापडलं तं सापडलं. नाई तं नाई,” सुनंदा म्हणाली. “पन माह्या हातानं मी ते बंद करनार नाई. मामीजीनं माही पोरगी मांडीवर घेऊन रात्री काढल्या, मले सारं समजते. तरीबी नाई.”

सोमाजींनी चहा संपवला. “बरं,” म्हणाले आणि उठले.

जीपपर्यंत मी धुमसत होते. तिच्या घरच्या नळ्या कोणत्या हेही सांगता येत नव्हतं, म्हणून एका बाईपायी साऱ्या गावाचं अडलं होतं, आणि हा म्हातारा कधी नव्हे तो थकलेला दिसत होता. मी म्हटलं, मी बोलून पाहते तिच्याशी, बायकांचं बायकांना कळतं.

“तू बोलशीन तं ते हो म्हनन,” सोमाजी म्हणाले. “दवाखान्यात तुह्याशी काम पडते न तिचं. मले तसं हो नाई पायजे.”

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा कळलं, दुसऱ्याच दिवशी ते सुनंदाच्या घरी चहा प्यायला जाऊन आले होते. या विषयाचा शब्द काढला नाही म्हणे.

सर हळवे माणूस. ते सोमाजींना म्हणाले, एक घर सोडून सगळ्यांचा होकार आहे, मी कमिटीपुढे मांडून बघतो. सोमाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला सरांची कीव आली.

“सायेब, तिले विचाराले मी गेलतो,” ते म्हणाले. “आता तिच्या नाईले मीच मोजलं नाई, तं मी गेलतो कायले?”

त्यांच्या कुळाचा देवांचा मेळा काही वर्षांनी एकदा भरतो. त्या वर्षी तो होता. लोकांनी आपापली माणसं मिळवली. मैनाबाई राहिल्या. कोणी म्हणालं, असेच मिळवून टाका, देवाला सारं कळतं. सोमाजी ऐकणारे नव्हते. मेळ्याहून परत आले तेव्हा ते बरेच खंगले होते, आणि बोलणंही कमी झालं होतं. खरं सांगायचं तर मला त्यांचा फार राग आला होता. इतकं ताणू नये माणसाने, असं वाटायचं. आजही अधूनमधून वाटतं.

वर्ध्याला कामानिमित्त आले की ते लॅबच्या दारात उभे राहायचे. एकदा त्यांनी फ्रीजर बघायचा आहे म्हटलं. मी दाखवला. त्यांनी बाहेरून दाराला हात लावून पाहिला. तो थंड नव्हता याचं त्यांना नवल वाटलं.

“लाइट गेली तं?”

“जनरेटर आहे, बाबाजी.”

“त्याचं डिझेल सरलं तं?”

मी हसले नाही. त्या वर्षी उन्हाळ्यात लाइट फार जायची आणि ते मुलाला फोन लावायला सांगून विचारायचे, “मशीन चालू हाय न?” बायकोसाठी विचारत होते की सुनंदाच्या पोरीसाठी, हे मी कधी विचारलं नाही. बहुधा दोघींसाठी.

पुढच्या पावसाळ्यात शेतातून येऊन खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. मी मातीला गेले होते. सुनंदा आतल्या बायकांत बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलं आणि नजर वळवली. मीही तिच्याशी बोलले नाही.

शहरातलं काम संपून उरलेल्या रक्ताच्या नळ्या आमच्याकडे परत आल्या तेव्हा सर म्हणाले, छापायच्या आधी गावाला सांगू. पुन्हा ती चिंच. थोडं काही हाती लागलं होतं. औषध नव्हे, त्याला अजून खूप अवकाश आहे, पण कोणत्या मुलांना जास्त जपायचं याचा अंदाज येईल असं काहीतरी. सुनंदा पुढे बसून ऐकत होती. तिने मुलीबद्दल नीट प्रश्न विचारले. मग उठून म्हणाली, “आता माही हो हाय.”

कमिटीची परवानगी झाली. नळ्या ऑटोक्लेव्हमधून काढून निर्जंतुक केल्या, नियम आहे तो. डबा घ्यायला गावातून दोन म्हातारी माणसं आणि सुनंदा आली. म्हातारी माणसं सरांच्या खोलीत सह्या करत होती. सुनंदा माझ्याजवळ आली. झाकण उघडून तिने आत पाहिलं. सगळ्या नळ्या सारख्या दिसत होत्या.

“याच्यात मामीजी कोनती?”

“नाही सांगता येत, सुनंदा.”

“अन् मामाजी?”

“तेही नाही.”

“पन दोघंबी हायेत न?”

“आहेत,” मी म्हटलं.

तिने झाकण लावलं. जीपमध्ये डबा ठेवायला मी जागा केली होती, तिथे तिने तो ठेवला नाही. मांडीवर घेतला, दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि रडायला लागली. मी सोबत जाणार नव्हते, त्या दिवशी गावात बाहेरच्या माणसाचं काम नव्हतं. गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसले. सोमाजी गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.