सोनबाच्या धाकटीचं बारसं

सोनबा गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायका जाताना एकच बोलून जात होत्या, "तीन पोरीच मागं, मुलगा न्हाय बिचाऱ्याला." मी त्याच्या बायकोशेजारी, झुंबरशेजारी बसले होते. ती काही बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र स्वस्थ बसवेना. ज्या माणसाला मी इतकी वर्षं रोज सकाळी दारात पाहिलं, त्याच्याबद्दल एवढंच मागे राहणं बरं नाही.

आम्ही जळोचीला घर बांधलं ते यजमानांच्या निवृत्तीनंतर. ते फार दिवस राहिले नाहीत. मी एकटी झाले आणि त्याच सुमारास सोनबा आमच्याकडे दूध घालू लागला. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन उन्हाळ्यापर्यंत कोकणात असायचे. वडिलांनी कळप मोडून जमीन धरली. सोनबाकडे थोडा ऊस होता आणि तीन म्हशी.

झुंबर पहाटेपासून गोठ्यात, म्हणून मुलींच्या वेण्या तो घालायचा. प्रतिक्षा आणि योगिनी त्याच्या एम-एटीवर दुधाच्या कॅनला धरून शाळेला जायच्या, लाल रिबिनी ताठ. एकदा मी म्हटलं, "वेण्या छान घातल्यात रे."

"म्हशीच्या दाव्याला मारतो तीच गाठ हाय बाई. सुटत न्हाय."

"म्हणूनच दुखतंय!" मागून प्रतिक्षा ओरडली.

त्याची थोरली बहीण इंदापूरच्या पुढे, धरणाच्या पाण्याजवळच्या गावात दिली होती. म्हैस व्याली की पहिला चीक बहिणीकडे गेलाच पाहिजे, असा त्याचा नेम. चीक टिकत नाही, म्हणून कडीचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून तो पहिली एसटी गाठायचा. कंडक्टर त्याला पाहूनच विचारायचा, "काय सोनबाराव, आज कोण बाळंत?" भाऊबीजेला, पंचमीला तर तो जायचाच. तिला तो आक्का म्हणायचा. तिचं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

नाव होतं नकोशी. तीन मुलींनंतर चौथीही मुलगीच झाली, म्हणून त्यांच्या आईने, कुशाबाईने, ते ठेवलं. असं नाव ठेवलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो, ही आपल्याकडची समजूत. आधीच्या तिघी लहानपणीच गेल्या. नकोशी जगली, आणि तिच्या पाठीवर सोनबा झाला. कुशाबाई ही हकिकत चार बायकांत कौतुकाने सांगायची, लेकीच्या समोरसुद्धा. "हिचं नाव नकोशी ठिवलं आन देवानं मला सोन्या दिला." आई रोजावर जायची आणि आक्का त्याला काखेत घेऊन शेळ्यांमागे हिंडायची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही.

एकदा दूध मापता मापता सोनबा मला म्हणाला, "कुणाला तरी नको म्हटलं म्हणून मी आलो, ह्ये ऐकत मोठा झालोय बाई. लई वंगाळ वाटतं."

चौऱ्याण्णव साली झुंबरला तिसरी मुलगी झाली. कुशाबाईने दवाखान्याच्या व्हरांड्यातच जाहीर केलं, "हिचं नाव नकोशी. माझ्या येळंला गुण आला, आता बी यील." सोनबा ठाम नाही म्हणाला. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. ती जे सांगेल तेच नाव. सख्खी आत्या एकच. सोनबा आक्काला आणायला इंदापूरला गेला तेव्हा त्याला वाटत होतं, काम झालंच. ज्या नावापायी तिने एवढं सोसलं, ते ती दुसरीला कशाला देईल?

बारशाच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले. परसात चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. आक्का जाळ सारत होती, मी खोबरं किसत होते. सोनबा पाण्याची कळशी घेऊन आला आणि हसत म्हणाला, "आक्का, नाव ठरलं का मग?"

"ठरलं की. आई म्हणती तेच."

कळशी त्याने तशीच हातात धरून ठेवली. "म्हंजी?"

"नकोशीच ठिवणार. तुला पोरगा व्हायला पायजे."

"आगं, मला पोरगा नको! ह्या तीन बास हायती."

"तुला नको. पर ह्या पोरींना भाऊ नको व्हय?" ती लाकूड आत सारत शांतपणे म्हणाली. "मला नाव वाईट मिळालं, पर भाऊ मिळाला. माझं काय बी नुकसान झालं न्हाय सोन्या. माझ्या सासरी चीक घिऊन कुणाचा भाऊ येतो, सांग की."

सोनबा कळशी टेकवून चुलीपाशी बसला. मग म्हणाला, "मी तुझ्या नावातनं न्हाय आलो आक्का. आईच्या पोटातनं आलो."

"लई शाणा झालास."

"शाळंच्या कुंपणापाशी तू मला सोडायला यायचीस. पोरं तुला काय म्हणायची, मी ऐकलंय."

"लहान हुतास तू."

"कळत हुतं मला. माझ्या पोरीला तसं कुणी म्हणलं तर मला न्हाय सोसायचं. तुला आजवर कायसुदिक मागितलं न्हाय. आज मागतो. हिला नाव दे. तुला स्वतःला जे आवडलं असतं, ते दे."

आक्का उठली, घुगऱ्यांत मीठ टाकलं आणि आत गेली. सोनबाने माझ्याकडे पाहिलं. भावावरच्या मायेनेच ती अडून बसली होती.

दुपारी पाळणा सजला. पुरुष अंगणात, बायका आत. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून, पाळण्यावरून फिरलं आणि आत निजलं. आक्का वाकली. तिच्या मागे चार जणी मुठी वळून उभ्या, कारण नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. आक्का वाकलेलीच राहिली. "आगं, सांग की लवकर, पाठ शेकायचीय तुझी," कुणीतरी म्हणालं. कुशाबाई पाळण्याची दोरी धरून लेकीकडे टक लावून पाहत होती. दाराच्या चौकटीत सोनबा उभा होता. पुरुषांनी तिथे यायचं नसतं, पण त्याला कुणी हटकलं नाही.

तिचे ओठ हलले. मग ती सरळ झाली आणि मोठ्याने म्हणाली, "द्वारका."

धपाधप बुक्के पडले. "आगं बया, ह्ये तर माझ्या चुलत सासूचं नाव!" एक जण हसली. "सिनेमातलं एखादं ठिवायचं!" कुशाबाईने दोरी सोडली. "आता बसा पोरी मोजत," एवढं म्हणून ती परसात निघून गेली, आणि संध्याकाळपर्यंत तिने बाळाला घेतलं नाही.

सोनबाने पेढे वाटले. पेढे मुलाचे, बर्फी मुलीची, हा तेव्हाचा रिवाज. एका म्हाताऱ्याने पेढा तोंडात टाकून म्हटलं, "पोरगा झाला म्हण की!"

"व्हय तात्या, तिसरी पोरगी."

आक्काची पाठ चोळून देताना मी विचारलं, द्वारका का? ती लाजली. "शेळ्यांमागं एकटीच खेळायची मी बाई. खेळात माझं नाव द्वारका असायचं. सोन्या काखंत हुता, पर त्याला कुठलं आठवतंय."

सोनबाने ते ऐकलं. पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं; गावात त्याची खूप चेष्टा झाली, आई महिनाभर बोलली नाही. तो वेण्या घालत राहिला, दूध घालत राहिला.

आणि आक्का माहेरी आली असली की दारात गाडी लावून तो मुद्दाम मोठ्याने हाक मारायचा, "द्वारके, पाणी आण गं!" आतून दोघी 'ओ' द्यायच्या.